स्कीवरचा लुकलुकता दिवा

हा भाग रेकॉर्ड करतोय तेव्हा माझ्या मागे भिंतीला टेकून स्कीची एक जोडी उभी आहे. काळी, चकचकीत, आणि वर लाल रंगात मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलंय ‘टायटन’. दोन वर्षांपूर्वी म्युनिकमध्ये सेलमध्ये घेतली, ६४० युरोला. एकूण अकरा दिवस वापरली. अकराव्या दिवशी दुपारी, उतार जवळजवळ संपलेला असताना, अगदी कमी वेगात माझा डावा गुडघा आत फिरला. सहा आठवडे ब्रेस, चार महिने फिजिओ. आता ही जोडी विकायची आहे. पण विकायची म्हणजे ऑनलाइन जाहिरात लिहायला हवी, आणि तिथेच माझं घोडं अडलंय. कारण जे शब्द वाचून मी ती घेतली, तेच शब्द आता मला दुसऱ्या कुणासाठी टाइप करायचे आहेत.

तुम्ही म्हणाल, आपला आणि स्कीचा काय संबंध? तर थोडाफार आहे. आपल्यातले किती तरी जण हिवाळ्यात गुलमर्गला, औलीला, सोलंगला जाऊन भाड्याच्या स्की पायात चढवतात. कामानिमित्त युरोप-अमेरिकेत असलेल्यांना ऑफिसची पोरं पहिल्याच थंडीत डोंगरावर ओढून नेतात. माझंही तसंच झालं. आणि स्की सोडून द्या, फोन घेताना मेगापिक्सेल मोजणारे आपण सगळेच आहोत. गुडघा बरा होत होता त्या काळात मी एकच काम केलं, स्कीच्या इतिहासावर जे मिळेल ते वाचलं. डोक्यात एकच प्रश्न होता. या दीडशे वर्षांत खरोखर काय बदललं, आणि त्या-त्या वेळी जाहिरात कशाची चालली होती?

सुरुवात नॉर्वेतून करू. टेलिमार्क नावाच्या भागात मोर्गेदाल हे छोटं खेडं. तिथे १८२५ मध्ये सोन्द्रे नूरहाइम नावाचा माणूस जन्मला. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारं गरीब कुळ. लाकूडकामात हात चांगला आणि बर्फावर उड्या मारायचं वेड. त्याने दोन गोष्टी केल्या. झाडाच्या लवचीक मुळ्या पिळून टाचेमागून बांध घातला, म्हणजे उडी मारली तरी स्की पायातून सुटणार नाही. आणि स्कीला कंबर दिली. पुढून-मागून रुंद, मध्ये अरुंद. १८६८ मध्ये, चाळिशी ओलांडलेला असताना, तो क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, स्पर्धेला उतरला आणि लोक बघत राहिले. पुढे गरिबीलाच कंटाळून अमेरिकेला गेला आणि १८९७ मध्ये तिकडेच वारला. ना ब्रँड, ना लोगो, ना डिस्काउंट कोड.

ही कंबर नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कंबर असलेली स्की बर्फावर आडवी कलती केली की आधी टेकतात पुढचं आणि मागचं टोक. मधला भाग थोडा वर राहतो. मग तुमचं वजन त्यावर पडतं, मधला भाग खाली दबतो आणि अख्खी स्की धनुष्यासारखी वाकते. ते धनुष्य बर्फात चाप काढतं आणि तुम्ही वळता. वळवायला जोर लावायचा नाही, फक्त कलवायची. कंबर जितकी खोल, तितकं वळण लहान.

याचं गणित अकरावीतल्या पोरालाही जमेल. बर्फाला टेकणाऱ्या लांबीचा वर्ग घ्या आणि कंबरेच्या खोलीच्या आठपटीने भागा, की वळणाची त्रिज्या आली. टेकणारी लांबी १८० सेंटिमीटर आणि कंबर ८ मिलिमीटर खोल असेल तर त्रिज्या येते साधारण ५० मीटर. तीच कंबर २० मिलिमीटर केली तर २० मीटर. आणि हा आकडा स्की कलवण्याआधीचा बरं का. ६० अंशांत कलवली की तो अंदाजे निम्मा होतो. लांबी तीच, लाकूड तेच, फक्त १२ मिलिमीटर इकडचे तिकडे, म्हणजे तुमच्या करंगळीएवढे. वळणाचा आकार अर्ध्याहून कमी.

मग प्रश्न पडतो की नूरहाइमनंतर लगेच सगळ्यांनी कंबर खोल का नाही केली? सव्वाशे वर्षं लागली! याचं उत्तर सांगतो, पण मध्ये एक इंजिनिअर येतो आणि त्याला मी टाळू शकत नाही.

हॉवर्ड हेड. बॉल्टिमोरला ग्लेन मार्टिन या विमान कंपनीत काम करायचा. १९४७ मध्ये व्हरमाँटमधल्या स्टोव्हला पहिल्यांदा स्कीइंगला गेला आणि दिवसभर पडला. तेव्हाच्या स्की हिकरीच्या लाकडाच्या, लांबलचक, दमट हवेत पिळवटणाऱ्या. परतीच्या गाडीत हा माणूस म्हणाला की दोष माझा नाही, स्कीचा आहे. आपल्याकडे याला काय म्हणतात ठाऊक आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. गंमत ही की या वेळी अंगण खरंच वाकडं होतं.

विमानाचा पंख कसा बनतो हे हेडला माहीत होतं. वरखाली पातळ ॲल्युमिनियम, मध्ये हलका गाभा, सगळं गोंदाने चिकटवलेलं. हलकं आणि ताठ. हेच स्कीला लावू, असं त्याने ठरवलं. १९४८ च्या सुरुवातीला नोकरी सोडली, आणि भांडवल होतं पोकरमध्ये जिंकलेले ६,००० डॉलर. (आई, तू ऐकत असशील तर, मी नोकरी सोडत नाहीये.) पहिल्या सहा जोड्या घेऊन तो स्टोव्हला गेला. तिथल्या प्रशिक्षकांनी त्या वाकवून बघितल्या, वापरल्या आणि एकेक करून सहाही जोड्या मोडल्या.

मला हेडचा हाच भाग सगळ्यात आवडतो. तो परत गेला, जिथे मोडली तिथे बळकट केली, पुन्हा पाठवली. ती पुन्हा मोडली. गाभा बदलला, प्लायवूडचा केला. खाली बर्फ चिकटायचा, म्हणून तळाला प्लॅस्टिक आलं. कड टिकायची नाही, म्हणून पोलादी कड आली. असे तीन हिवाळे गेले. दर आठवड्याला कुणीतरी डोंगरावर तुमचं प्रॉडक्शन क्रॅश करतंय आणि तुम्ही बॉल्टिमोरमध्ये बसून पॅच काढताय, असं समजा. १९५० मध्ये कंपनी काढली आणि ती स्की शेवटी टिकली. लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘चीटर’, लबाडी करणारी. कारण लाकडी स्कीवर जे वळण घ्यायला वर्षं लागायची, ते हिच्यावर सामान्य माणसाला एका सीझनमध्ये जमायला लागलं. याहून चांगलं प्रशस्तिपत्रक कुठल्या जाहिरात एजन्सीने लिहिलं असतं?

पण हेडला मखरात बसवायची घाई नको. शर्यतीवाले म्हणायचे की धातू कडक बर्फावर थरथरतो, पकड सोडतो. ते पूर्ण चुकीचं नव्हतं. साठच्या दशकात फायबरग्लास आलं, रंगीबेरंगी स्की आल्या, आणि हेड आपल्या काळ्या धातूवर अडून राहिला. १९६९ मध्ये त्याने कंपनी एएमएफला विकून टाकली. नंतर टेनिस शिकायला गेला, तिथेही जमेना, तेव्हा त्याने रॅकेटलाच दोष दिला आणि प्रिन्स कंपनीसाठी मोठ्या डोक्याची रॅकेट काढली, १९७६ मध्ये. लोक पुन्हा हसले. आज ती जुनी लहान रॅकेट तुम्हाला माळ्यावरच सापडेल.

तर धातू. १९६० मध्ये स्क्वॉ व्हॅलीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सच्या जाँ व्हुआर्नेने डाउनहिलचं सुवर्ण जिंकलं, रोसिन्योलच्या धातूच्या स्कीवर. धातूच्या स्कीवरचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. इथून एक नवीन गोष्ट सुरू झाली असं मला वाटतं. आता जगाला पुरावा टीव्हीवर दिसायला लागला, आणि पुराव्याला चेहरा होता. व्हुआर्नेचं नाव नंतर सगळ्यात जास्त कशावर झळकलं माहितीये? गॉगलवर!

आठ वर्षांनी ग्रेनोबलला जाँ-क्लोद किलीने तीन सुवर्णं जिंकली. त्या ऑलिम्पिकआधी मोठं भांडण झालं होतं. ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज म्हणाले की स्कीवरची कंपन्यांची नावं काढा. स्कीवाले म्हणाले, शक्य नाही. शेवटी तडजोड अशी झाली की शर्यत संपल्यावर फोटो काढायच्या आधी खेळाडूच्या हातून स्की काढून घ्यायच्या. विचार करा, एखादी वस्तू फोटोत येऊ नये म्हणून नियम करावा लागतो, तेव्हा त्या फोटोची किंमत काय असेल. त्यानंतर चारच वर्षांनी सापोरोला ब्रंडेज यांनी ऑस्ट्रियाच्या कार्ल श्रान्त्सला याच जाहिरातबाजीच्या मुद्द्यावर ऑलिम्पिकमधून घालवलं. तो व्हिएन्नाला परतला तेव्हा स्वागताला रस्ते माणसांनी भरले होते.

आणि किली? आयुष्यभर तो फ्रेंच स्कीवर शर्यती जिंकला. निवृत्त झाल्यावर त्याचं नाव आलं अमेरिकन हेडच्या स्कीवर. यात बेकायदा काही नाही, चोरी नाही. पण दुकानात ती स्की उचलणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल? की हिच्यावर तीन सुवर्णं आली. हिच्यावर नव्हती आली. आणि आजही विश्वचषकातल्या खेळाडूच्या पायात जी स्की असते ती कंपनीच्या शर्यत विभागात त्याच्यासाठी निवडून, घासून-पुसून तयार केलेली असते. दुकानात तिचा रंग मिळतो.

आता कंबरेकडे परत येऊ. इतकी वर्षं का लागली? एक कारण साहित्याचं. लाकडाची स्की नुसती वाकत नाही, पिळवटतेही. कंबर खोल केली की टोकं रुंद होतात, आणि रुंद टोक कडेवर टाकलं की ते पिळलं जाऊन पकड सोडतं. फायबरग्लास आणि धातूच्या थरांनी हा पीळ आटोक्यात आणला. म्हणजे हेड आणि फायबरग्लासवाले नसते तर खोल कंबर नुसती कागदावर राहिली असती. दुसरं कारण सवयीचं. चांगला स्कीयर म्हणजे दोन मीटरहून लांब, सरळ स्की, असं समीकरण होतं. आखूड आणि कंबरवाली स्की म्हणजे शिकाऊंचं काम. ऐंशीच्या दशकात स्नोबोर्डवाली पोरं खोल कंबरेवर मस्त चाप काढत शेजारून जात होती, पण त्यांच्याकडून शिकायचं? छे.

हे कोडं सोडवलं स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीने. बेगुन्ये नावाच्या गावातली ही कंपनी. रुडी फिंझगारने दुसऱ्या महायुद्धात डोंगरात लढणाऱ्या पार्टिझानांसाठी स्की बनवल्या होत्या, आणि १९४५ मध्ये त्यातून कारखाना उभा राहिला. स्वीडनचा इंगेमार स्टेनमार्क, ज्याच्या नावावर विश्वचषकातले ८६ विजय आहेत, तो एलानच्याच सरळ स्कीवर जिंकायचा. म्हणजे सरळ स्कीवर मजेत चाललेल्या कंपनीत युरी फ्रांको आणि पावेल श्कोफित्स हे दोन इंजिनिअर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी म्हणाले की कंबर दुपटीहून जास्त खोल करून बघू. प्रकल्पाचं नाव एससीएक्स, साइडकट एक्स्ट्रीम. १९९३ च्या सुमारास ती बाजारात आली. दिसायला कशी? डमरूसारखी. कुरूप म्हणा सरळ. ऑस्ट्रियाच्या क्नाइसलनेही त्याच सुमारास तसलीच काढली. आधी लोक हसले, आणि दहा वर्षं व्हायच्या आत सरळ स्की दुकानातून गायब झाली. तुम्ही गुलमर्गला जी काही चढवाल, ती या डमरूचीच पोर आहे.

आणि आता तो दिवा.

१९९५ च्या सुमारास अमेरिकेच्या के-टू कंपनीने ‘फोर’ नावाची स्की काढली. तिच्यात बाइंडिंगच्या पुढे एक छोटी चकती होती, पिझोइलेक्ट्रिक. पिझो म्हणजे गॅसच्या लायटरमधला तो खटका. दाबला की वीज तयार होते. स्की थरथरली की ही चकती त्या कंपनातली ऊर्जा विजेत बदलायची, आणि ती वीज एका लहान सर्किटमध्ये खर्च व्हायची. थरथर कमी. भौतिकशास्त्र चोख आहे, यात थाप काही नाही. शिवाय तिथे एक छोटा दिवा होता. स्की थरथरली की तो लुकलुकायचा. स्मार्ट स्की! दुकानात सेल्समन स्कीवर थाप मारायचा, दिवा लागायचा, गिऱ्हाईक पाकीट काढायचं. निदान मला तरी ते दृश्य असंच दिसतं. मी तर दोन जोड्या घेतल्या असत्या.

१९९६ मध्ये न्यू हॅम्पशायरचा एक अठरा वर्षांचा पोरगा मेन राज्यातल्या शुगरलोफला अमेरिकेच्या ज्युनिअर ऑलिम्पिक्समध्ये ही के-टू फोर घालून उतरला. बाकीचे लांब, सरळ, शर्यतीच्या स्कीवर. हा दुकानातल्या स्कीवर. त्याने तिथली सुवर्णपदकं लुटली. त्याचं नाव बोडी मिलर, जो पुढे ऑलिम्पिक विजेता आणि विश्वचषक विजेता झाला.

मग तो कशामुळे जिंकला? दिव्यामुळे? के-टू फोरची दुसरी खासियत होती तिची कंबर. शर्यतीच्या स्कीपेक्षा बरीच खोल. बाकीचे वळणात घसरत होते आणि हा चाप काढत होता. पिझोचा दिवा काही वर्षांत बंद झाला. दशक उलटल्यावर हेडनेही पिझोचे धागे घालून ‘इंटेलिजन्स’ नावाखाली स्की विकल्या, त्यांचंही नाव आज फारसं ऐकू येत नाही. कंबर मात्र राहिली. एकाच वस्तूत दोन गोष्टी होत्या, एक क्रांती आणि एक दिवा. क्रांती डोळ्यांना दिसत होती, पण नवीन म्हणून पटायला दिवा लागला. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. डेमोमध्ये टाळ्या ॲनिमेशनला पडतात. सहा महिने घालवून बदललेला डेटाबेस कुणाला दिसत नाही.

मी आधी इथेच थांबणार होतो. ‘ज्याला हसतात ते खरं, जे चमकतं ते खोटं’, झाला एपिसोड. पण ते इतकं सोपं नाही. हसू आलेल्या कित्येक स्की खरंच टाकाऊ होत्या. आणि खोल कंबर हीच खरी म्हणावं तर शेन मॅकाँकी भेटतो.

हा कॅनडात जन्मलेला, कॅलिफोर्नियात स्कीइंग करणारा अवलिया. भुसभुशीत खोल बर्फात स्कीची गरज कडक बर्फाच्या बरोबर उलटी आहे, हे त्याच्या लक्षात आलं. तिथे कड चावायलाच काही नसतं, तरंगायचं असतं. पाण्यावरची स्की कशी असते? मध्ये रुंद, टोकं वर. त्याने अलास्काच्या डोंगरावर खरोखर पाण्यावरच्या स्की पायात घालून दाखवल्या. २००१-०२ च्या सुमारास व्होलांट कंपनीने त्याची ‘स्पॅट्युला’ काढली. पायाखाली १२५ मिलिमीटर, टोकाला ११५. म्हणजे कंबरच नाही, उलट पोट सुटलेलं! शिवाय केळ्यासारखी वर वाकलेली. नूरहाइमपासूनचं सगळं उलटं. आणि खोल बर्फात ती अप्रतिम चालली.

पण मला जास्त आवडली ती दुसरी गोष्ट. स्पॅट्युलासोबत मॅकाँकीने स्वतः लिहिलेलं माहितीपत्रक मिळायचं आणि त्यात त्याने सांगितलं होतं की ही कडक बर्फासाठी नाही. ज्याची वस्तू आहे तोच सांगतोय की ती कुठे वापरू नका. इतक्या कॅटलॉगमध्ये असं वाक्य मला अजून दुसरीकडे सापडलेलं नाही. नंतर बाकीच्या कंपन्यांनी त्याची रुंदी आणि वाक उचलला, हे वाक्य नाही उचललं. मग रुंद स्कीची लाट आली आणि लोक कडक, सपाट केलेल्या उतारावर शंभर मिलिमीटरच्या स्की घेऊन फिरू लागले. रुंद स्की कडक बर्फावर कडेवर टाकली की आधाराची रेघ पायाच्या मध्यापासून दूर जाते. तो पीळ कोण सोसतं? गुडघा.

त्रिज्येचंही तसंच. २०१२-१३ च्या सीझनला आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने दुखापती कमी करायच्या म्हणून पुरुषांच्या जायंट स्लॅलमच्या स्कीची किमान त्रिज्या २७ वरून ३५ मीटर केली. म्हणजे पुन्हा सरळ स्कीकडे. अमेरिकेचा टेड लिगेटी याविरुद्ध सगळ्यात मोठ्याने ओरडला. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये स्योल्डेनला त्याच नावडत्या स्कीवर त्याने पहिली शर्यत २.७५ सेकंदांनी जिंकली. शतांश सेकंदांवर निकाल लागणाऱ्या खेळात पावणेतीन सेकंद! काही वर्षांनी नियम ३० मीटरवर आला. तर लिगेटीच्या पायाखाली काहीही द्या. त्याचं जिंकणं बघून मी माझी स्की निवडण्यात अर्थ नव्हता, हे आता कळतं.

तर आता माझी जोडी. ‘टायटन’ या शब्दाचं मूळ आहे टायटॅनल. बऱ्याच महाग स्कीत याचे पत्रे असतात. नाव ऐकून तुम्हाला काय वाटतं? टायटॅनियम. मलाही तेच वाटलं होतं. टायटॅनल हा ऑस्ट्रियात बनणारा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. सुमारे नव्वद टक्के ॲल्युमिनियम, बाकी मुख्यतः जस्त, मॅग्नेशियम, तांबं. टायटॅनियम म्हणावं असं त्यात काही नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. वाळा चांगला आहे हं, उत्तम धातू आहे, हेडच्या १९५० च्या कल्पनेचाच नातू. पण तो स्की ताठ करतो. आणि ताठपणा कुणाला हवा? जो वेगात जातो, वजनदार आहे, आणि ती ताठ स्की वाकवू शकतो त्याला. मी ६४ किलोचा, दुसऱ्या सीझनचा, निळ्या रेषेच्या सोप्या उतारावर ब्रेक मारत उतरणारा. माझ्याखाली ती वाकतच नव्हती. धनुष्यच होत नव्हतं. मग वळायला मी काय करायचो? पाय पिळायचो.

कंपन्या स्कीवर लांबी छापतात, तिन्ही रुंद्या छापतात, त्रिज्या छापतात. ती किती वाकते आणि किती पिळते हे सहसा छापत नाहीत. तेच तर पायाला कळतं. कॅनडात शेरब्रूकच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी यंत्र बनवून बाजारातल्या स्की इंचाइंचाला वाकवून-पिळून मोजल्या. सरळ साधं काम, पण ते विक्रेत्यांनी नाही, बाहेरच्यांनी केलं. दुकानात मी ही परीक्षा हाताने करू शकलो असतो. मागचं टोक जमिनीवर, एक हात पुढच्या टोकावर, दुसऱ्या हाताने मध्ये दाब. शेजारी तीच लांबी पण साधी स्की ठेवून तुलना करायला दोन मिनिटं लागली असती. किंवा डोंगरावरच्या दुकानातून दिवसभरासाठी वेगवेगळ्या टेस्ट स्की घेतल्या असत्या. मी लाल अक्षरं वाचली.

एका आकड्याबद्दल मात्र मी दुकानात अगदी जागरूक होतो. बाइंडिंगचा डीआयएन आकडा, म्हणजे पडल्यावर बूट किती जोराला सुटावा. वजन, उंची, वय, बुटाचा तळ, स्कीयरचा प्रकार, यावरून तो निघतो आणि यंत्रावर तपासता येतो. सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना प्रसिद्ध केली ती यालमार व्हाम या नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या स्कीपटूने. १९३७ मध्ये पाय मोडून इस्पितळात असताना त्याला ती सुचली, आणि जाहिरातीत त्याने घाबरायचं कारण नाही असंच सांगितलं. व्हरमाँटमध्ये रॉबर्ट जॉन्सन, कार्ल एटलिंगर आणि जॅस्पर शीली यांनी १९७२ पासून एकाच स्की रिसॉर्टवर वर्षानुवर्षं दुखापती मोजल्या. त्यातून दिसलं की बाइंडिंग सुधारले तसे नडगीचे फ्रॅक्चर खूप कमी झाले. आणि त्याच काळात गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापती वाढल्या. बाइंडिंग नडगी वाचवायला बनलंय. हळू, पिळवटत पडणाऱ्या माणसाचा गुडघा त्याला कळत नाही. माझं बाइंडिंग अचूक बसवलेलं होतं. ते उघडलं नाही, आणि उघडायला हवं होतं असंही नाही.

परवा रात्री शेवटी जाहिरात लिहिली. जर्मनमध्ये आहे, तुम्हाला मराठीत सांगतो. ‘स्की, १८१ सेंटिमीटर, पायाखाली ७० मिलिमीटर, त्रिज्या १८ मीटर, ११ दिवस वापर. खूप ताठ. वजन ८० किलोच्या आसपास किंवा जास्त, कडक बर्फावर वेगाने उतरता येत असेल तर छान. पहिल्या दोन-तीन सीझनसाठी घेऊ नये. ताज्या बर्फात उपयोग नाही. आधी एक दिवस नेऊन वापरून बघा, आवडली तर पैसे द्या. १८० युरो.’

दोन दिवसांत एकच मेसेज आलाय. एका मुलाचा, एका ओळीचा. विचारतोय, टायटॅनियमवाली तीच ना?

मी त्याला त्याचं वजन विचारलंय. अजून उत्तर नाही.